ओहोळ आटल्यावर

प्रिय ताई,

मी हिशेबनीस आहे, वय 43. एका कंपनीत 11 वर्षं काम केलं. मागच्या वर्षी साहेबांनी न झालेल्या कामाची बिलं करून त्यावर सही करायला सांगितलं. दोन रात्री प्रार्थना केली, तिसऱ्या दिवशी नाही म्हणालो, आणि महिन्याभरात राजीनामा द्यावा लागला. तेव्हा मनात फार मोठी शांती होती. ‘देव बघून घेईल’ असं बायकोला ठामपणे सांगितलं होतं.

आता नऊ महिने झाले. शिल्लक संपली. मेहुण्याकडून उसने घेतले, ते फिटले नाहीत. आमच्या चर्चच्या मंडळीतले एक गृहस्थ म्हणाले, कुठेतरी गुप्त पाप असेल, नाहीतर विश्वास कमी पडत असेल. बायको भांडत नाही, पण फारसं बोलतही नाही. दशमांश, म्हणजे मिळकतीचा दहावा भाग देवाला देणं, थांबलाय, त्याचं मन खातं. आणि आता एका ओळखीच्या माणसाने नोकरी आणली आहे. पगार चांगला. फक्त पहिले तीन महिने काही जुने कागद ‘जुळवून’ द्यायचे, पुढे सगळं सरळ, असं तो म्हणतो. सोमवारपर्यंत उत्तर हवंय.

मी आज्ञा पाळली, ताई. देव नेईल तिथे जाऊन बसलो. मग माझाच ओहोळ का आटला?

— एक वाचक

प्रिय भाऊ,

तुमचा सोमवार गाठायचा होता म्हणून हे उत्तर तुम्हाला आधी पाठवलं. आता तुमच्या परवानगीने, ओळख पटेल असं सगळं काढून, इथे छापते आहे. अशा अर्थाची पत्रं माझ्याकडे इतर घरांतूनही येतात, त्यांनाही ते वाचता येईल.

आधी नोकरीचं. घेऊ नका. ‘जुळवून’ या शब्दाला अवतरणचिन्हं तुम्हीच घातली आहेत, म्हणजे त्याचा अर्थ तुम्हाला कळलेला आहे. खोटा कागद कधी एकटा राहत नाही, हे माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त ठाऊक. पहिला सांभाळायला दुसरा लागतो आणि वर्षअखेरीला ताळेबंद जमवताना तिसरा. तीन महिन्यांनी तो माणूस तुम्हाला सरळ काम का देईल? तोवर त्याच्या हाताशी एक अडकलेला हिशेबनीस असेल, आणि त्याला तसाच हवा आहे. उद्या चौकशी आली तर सही तुमची निघेल.

पण नाही म्हणा, एवढं सांगून मी सुटत नाही. नाही म्हटल्यावर मंगळवार उजाडणार आहे, घरात तेच रिकामेपण असणार आहे, आणि तुमचं पत्र खरं म्हणजे त्या मंगळवारबद्दल आहे.

तुम्ही ओहोळाचं नाव काढलंत म्हणून तिथूनच सुरुवात करते. एलीया संदेष्ट्याची ती गोष्ट पवित्र शास्त्रात, पहिल्या राजे पुस्तकाच्या 17व्या अध्यायात आहे. मुलांना सांगताना आपण कावळ्यांपाशी रमतो. सकाळ-संध्याकाळ कावळे भाकर आणि मांस आणत, आणि करीथ ओहोळाचं पाणी तो पीत असे. सातवं वचन मात्र आपण घाईने ओलांडतो. काही दिवसांनी ओहोळ आटला, कारण देशात पाऊस पडला नव्हता.

इथे जरा थांबा, भाऊ. करीथला जा असं देवानेच सांगितलं होतं. एलीया गेला, सांगितलं तिथेच राहिला, जागचा हलला नाही. शिवाय पाऊस पडणार नाही हा निरोप अहाब राजाला देणारा माणूसही तोच. म्हणजे ज्या दुष्काळाचा शब्द त्याने आज्ञेत राहून उच्चारला, त्याच दुष्काळाने त्याच्या तोंडचं पाणी नेलं. आणि ओहोळ काही एका रात्रीत आटत नाही. आधी धार बारीक होते. मग खळग्याखळग्यांत डबकी राहतात. मग नुसती ओल. मग एके सकाळी ओंजळ भरायला वाकावं तर हाताला कोरडी वाळू. एलीयाने हे सगळं रोज बसून पाहिलं असणार. ‘ऊठ, सारफथला जा’ हा नवा शब्द वचनात येतो तो ओहोळ आटल्याचं सांगून झाल्यावर. तुमच्या नऊ महिन्यांतलं सगळ्यात अवघड काय असेल तर हेच, धार बारीक होताना बघत बसणं. त्याला मी कमी लेखणार नाही.

पण ओहोळ आटल्याचं कारण वचनातच दिलंय, तेही बघा. एलीयाचं पाप म्हणून नव्हे. विश्वास तोकडा पडला म्हणूनही नव्हे. पाऊस नव्हता म्हणून. तुमच्याही बाबतीत कारणं अशी साधी आहेत. तुम्ही खोटं करायला नाही म्हणालात म्हणून नोकरी गेली. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला नवी जागा मिळायला वेळ लागतो. जुन्या जागेवरून तुमच्याबद्दल कोणी चांगला शब्द टाकत नसेल. हा न पडलेला पाऊस आहे, भाऊ. देवाचा रुसवा नव्हे.

म्हणूनच मंडळीतल्या त्या गृहस्थांचं बोलणं मनातून काढून टाका. नीतिमान ईयोबाचं सगळं गेलं आणि त्याचे तिघे मित्र आले तेव्हा सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. त्यांनी केलेलं सगळ्यात चांगलं काम तेवढंच. तोंड उघडलं आणि तेच सुरू झालं, तू काहीतरी केलं असशील. शेवटी देवाने त्यांनाच सुनावलं की माझ्याविषयी तुम्ही यथार्थ बोलला नाहीत. अंतःकरण तपासायचं असेल तर जरूर तपासा, ते आपण सगळ्यांनीच करावं. पण रिकामा खिसा बघून दुसऱ्याचं पाप हुडकण्याचा अधिकार कोणाला मिळालेला नाही.

आता ज्या गोष्टीवर मला जास्त बोलायचंय तिच्याकडे येते. तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, ‘मी आज्ञा पाळली, ताई. मग...’ या ‘मग’पाशी मी अडखळले. त्यात एक हिशेब दडलेला आहे. मी माझी बाजू भरली, आता देवाने त्याची भरावी. हिशेबनिसाला हे अगदी साहजिक वाटेल, जमेला खर्च जुळला पाहिजे. पण आज्ञापालन हा देवाकडे टाकलेला हप्ता नाही. तसं मानलं की दोन्हीकडून फसगत होते. मिळालं तर आपण ते कमावलं असं वाटतं, आणि नाही मिळालं तर देवाने बुडवलं असं.

उत्पत्तीच्या 26व्या अध्यायात इसहाकाची हकिगत आहे. देशात दुष्काळ पडला होता. मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, सोय होती. त्याचे वडील अब्राहाम एका दुष्काळात तिकडेच गेले होते, म्हणजे घरातलाच दाखला होता. देव इसहाकाला म्हणाला, मिसरात उतरू नकोस, मी सांगेन त्या देशात राहा. तो गरारला राहिला. आज्ञा पाळली. आणि लगेच पुढच्या वचनात काय? तिथल्या माणसांनी रिबकेबद्दल विचारलं तेव्हा जिवाच्या भीतीने तो म्हणाला, ही माझी बहीण. बायकोला बहीण म्हणून मोकळा झाला! मुक्कामाच्या बाबतीत देवावर भरवसा, आणि जिवाच्या बाबतीत नाही. एकाच माणसात, एकाच गावात. त्याचं खोटं पुढे उघडं पडलं आणि परक्या राजाने त्याला चार शब्द सुनावले. ते व्हायलाच हवं होतं.

आणि त्यानंतर 12वं वचन येतं. इसहाकाने त्या देशात पेरणी केली आणि त्याच वर्षी त्याला शंभरपट पीक मिळालं, कारण परमेश्वराने त्याला आशीर्वाद दिला. आता सांगा, हा हिशेब कुठल्या वहीत जुळतो? देव इसहाकाच्या आज्ञापालनाचे गुण मोजून देत असता तर त्या खोट्यानंतर शंभरपट आलं नसतं. देव देतो ते त्याने दिलेल्या शब्दाखातर देतो. आज्ञापालन एवढंच करतं की ते देणं जिथे येऊन पोचतं तिथे आपल्याला उभं ठेवतं. इसहाक मिसरात गेला असता तर कदाचित पोट भरलंही असतं, पण ते पीक गरारच्या मातीत उगवायचं होतं. आणि दुष्काळात पेरणी करणं ही काय चीज आहे ते ज्याने कधी बियाणं हातात धरलंय त्यालाच कळेल. घरातले दाणे, जे आज खाता आले असते, ते उचलून सुक्या मातीत टाकायचे.

साक्षीच्या वेळी आपण शंभरपटीवर टाळ्या वाजवतो आणि खाली बसतो. अध्याय मात्र तिथे संपत नाही. त्या सुबत्तेचा तिथल्या लोकांना, पलिष्ट्यांना, हेवा वाटला. अब्राहामाच्या वेळच्या विहिरी त्यांनी माती टाकून बुजवल्या होत्या. राजा म्हणाला, आमच्यातून निघून जा. इसहाक खोऱ्यात उतरला, विहीर खणली, जिवंत पाणी लागलं, आणि गुराखी भांडायला आले, पाणी आमचं. त्याने विहिरीचं नाव ठेवलं एसेक, म्हणजे भांडण. सोडून दिली. दुसरी खणली, तिच्यावरूनही तेच. तिचं नाव सितना, वैर. तीही सोडली. तिसरीवर कोणी भांडलं नाही. तिला तो रहोबोथ म्हणाला, कारण आता परमेश्वराने आपल्याला ऐसपैस जागा दिली. आज्ञेत राहिलेल्या माणसाने खणलेल्या दोन विहिरी हातच्या गेल्या. पाणी लागलेल्या विहिरी, बरं का. तुमची 11 वर्षांची नोकरी मला त्यातली एक वाटते. ती खरी विहीर होती, तुम्हीच खणली होती, आणि ती सोडावी लागली. त्याचं दुःख होऊ द्या. त्याला अविश्वास म्हणू नका.

याच अध्यायातून तुमच्या घरातल्या शांततेकडे वळते. इसहाकाच्या भीतीचा भार पडला कोणावर? रिबकेवर. तुमच्या बाबतीत भीती नव्हती, धैर्य होतं. पण त्या धैर्याची किंमत दोघांनी चुकवली आणि निर्णय एकट्याने झाला. दोन रात्री प्रार्थना केलीत असं लिहिलंय. बायको शेजारी होती का? ‘देव बघून घेईल’ हे तुम्ही त्यांना सांगितलंत. त्यांना विचारलंत का? त्यांचं न बोलणं म्हणजे विश्वास ढळला असं धरून चालू नका. कदाचित त्या नऊ महिने घर चालवण्याचं गणित एकट्या सोडवत असतील आणि तुम्हाला आणखी ओझं नको म्हणून गप्प असतील. आज रात्री मुलं झोपली की त्यांच्याजवळ बसा. वचनं सांगू नका. एवढंच म्हणा, त्या वेळी तुला विचारलं नाही, ते चुकलं. आता सोमवारचं उत्तर आपण दोघं मिळून ठरवू. मी वर ‘नोकरी घेऊ नका’ म्हटलंय खरं, पण ते त्यांच्यावर लादू नका. त्यांना जे वाटतं ते पूर्ण बोलू द्या, मध्ये तोडू नका. देवाने कशाला ‘नाही’ म्हणायला सांगितलंय हे त्यांनाही कळतं. त्यांना हवंय ते एवढंच की त्या ‘नाही’मागे आपण दोघं आहोत.

माझं स्वतःचं थोडं सांगते. आमच्या घरावर अशी वेळ आली होती तेव्हा टेबलाचा एक खण होता. येणारं प्रत्येक पाकीट मी न उघडता त्यात टाकत असे. विजेचं, शाळेचं, ज्यांचं देणं होतं त्यांचं. खण पुरता बंद होईना, पाकिटांचे कोपरे दुमडून अडकायचे, मी तळव्याने दाबून तो आत सरकवत असे आणि म्हणत असे, प्रभू, तुझ्यावर सोडलं. पाच महिने मी त्याला विश्वास म्हणत होते. एका रात्री यजमानांनी तो खण उपसून जमिनीवर ओतला, कात्री आणली, आणि आम्ही एकेक पाकीट कापत बसलो. पहाट झाली. बेरीज मला वाटत होती त्याच्या निम्मी निघाली. दोन पाकिटं तर निव्वळ पावत्या होत्या. एकात आमचेच काही पैसे परत आले होते, तीन महिने खणात पडून! त्या रात्रीपासून मी मानते की देवावर सोडणं आणि न बघणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. न बघितलेली गोष्ट आपण देवाच्या हातात देऊच शकत नाही; ती आपल्याच खणात राहते.

दुसऱ्या राजे पुस्तकाच्या चौथ्या अध्यायातली विधवा हे एलीयाच्या मागून आलेल्या अलीशा संदेष्ट्याकडून शिकली. तिचा नवरा संदेष्ट्यांच्या शिष्यांपैकी, देवाचं भय बाळगणारा माणूस, आणि तरी कर्ज ठेवून वारला. (हे नीट वाचा. देवभीरू माणसाच्या घरावर कर्ज होतं आणि त्यासाठी त्याला कोणी नावं ठेवलेली नाहीत.) सावकार तिच्या दोन मुलांना गुलाम म्हणून न्यायला निघाला होता. अलीशाने विचारलं, घरात काय आहे ते सांग. ती म्हणाली, काहीच नाही, एक तेलाचं भांडं तेवढं. उत्तराच्या सुरुवातीला ‘काहीच नाही’ आहे आणि शेवटी जे आहे तेच पुढे पुरणार आहे. मग तो म्हणाला, शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आण, आणि थोडीथोडकी नको.

मला या गोष्टीत चमत्कारापेक्षा ती दारोदार हिंडणारी बाई दिसते. एका दारी भांडं मागितलं की दुसऱ्या दारी बातमी आधी पोचलेली. कशाला हवीत एवढी भांडी? काय झालंय तुमच्याकडे? तिला सांगावं लागलं असेल. चमत्कार दार लावून झाला, पण त्याआधीची आज्ञा दार उघडून बाहेर पडण्याची होती. आणि भांडी संपली तेव्हा तेल थांबलं. जेवढी मागायची लाज तिने गिळली, तेवढं तेल. पुढचा क्रमही बघा. तेल विक, कर्ज फेड, आणि उरेल त्यावर तू आणि तुझी मुलं जगा. आधी कर्ज, मग आपण.

तुमच्या घरात काय आहे? माझ्या मते हिशेबाचं ज्ञान आणि एका मोठ्या परीक्षेत टिकलेली सही. छोटे दुकानदार, एकट्याने धंदा करणारी माणसं, शाळा, संस्था, कित्येकांच्या वह्या महिनोन्महिने तुंबलेल्या असतात आणि त्यांना पूर्ण पगाराचा हिशेबनीस परवडत नाही. चार जणांच्या वह्या महिन्यातून दोनदा लिहून दिल्या तर पगार होणार नाही, पण ओघ सुरू होईल. हे काम आपल्या योग्यतेचं नाही असं मनात आलं तर पौल आठवा. सुवार्ता सांगणारा तो माणूस करिंथात अक्विला आणि प्रिस्किल्ला यांच्या घरी राहून तंबू शिवत होता.

मेहुण्याला तोंड चुकवू नका. पैसे नसले तरी जा. दर महिन्याला किती देता येईल ते ठरवा, रक्कम अगदी लहान असो, आणि ठरल्या दिवशी ती द्याच. आणि मंडळीत सांगा. त्या गृहस्थांना नव्हे. पाळकांना आणि ज्यांच्या पोटात गोष्ट राहते अशा एक-दोघांना. यरुशलेमेतल्या पहिल्या मंडळीत विधवांच्या रोजच्या वाटपात हेळसांड होते अशी तक्रार आली तेव्हा प्रेषितांनी त्यासाठी सात माणसं नेमली. त्यांची पात्रता पवित्र आत्म्याने आणि ज्ञानाने पूर्ण अशी ठरवली होती, वाटप करायला! म्हणजे गरजूच्या ताटाचा प्रश्न मंडळीने पहिल्यापासून किती गंभीरपणे घेतलाय. तुमची गरज लपवून तुम्ही मंडळीची एक आज्ञा पाळण्याची संधी काढून घेता आहात.

कारण देवाची तरतूद बहुतेक वेळा दुसऱ्या कोणाच्या तरी आज्ञापालनातून येते. नियमशास्त्रात सांगितलं होतं की कापणी करताना शेताच्या कडेपर्यंत कापू नका, पडलेली कणसं गोळा करू नका, ती गरिबासाठी आणि परक्यासाठी सोडा. बवाज नावाच्या शेतमालकाने ते मानलं, म्हणून परदेशातून आलेल्या विधवा रूथला वेचायला काही उरलं. तिलाही उन्हात वाकून वेचावंच लागलं. त्याने सोडलं आणि तिने वेचलं, तेव्हा तिच्या सासूच्या, नामीच्या, घरी संध्याकाळचं जेवण झालं. आपल्याच भाषेतलं उदाहरण म्हणजे पंडिता रमाबाई. कोवळ्या वयात दुष्काळात त्यांनी आई, वडील आणि थोरली बहीण गमावली होती. भुकेचा अर्थ त्यांना कोणी समजावून द्यायला नको होता. पुढे 1896-97चा दुष्काळ आला तेव्हा दुष्काळी भागात जाऊन निराधार मुली आणि स्त्रिया त्यांनी शेकड्यांनी आपल्याकडे आणल्या. रमाबाई तेव्हा देवाची आज्ञा पाळत होत्या, आणि त्या मुलींच्या बाजूने पाहिलं तर तीच त्यांची तरतूद होती. तुम्ही खोट्या बिलांवर सही केली नाहीत, त्याने कोणाचं काय वाचलं हे तुम्हाला कदाचित कधीच कळणार नाही. त्या बिलांचे पैसे कुणाच्या तरी वाट्यातूनच जाणार होते.

दशमांशाचं. मन खातंय हे तुमच्या भल्या मनाचं लक्षण आहे, पण उसन्या पैशांतून दशमांश देऊ नका. तो मेहुण्याचा पैसा आहे. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात पौल लिहितो की उत्सुकता असली तर माणसाजवळ जे असेल त्याप्रमाणे ते मान्य होतं, नसेल त्याप्रमाणे नव्हे. पहिल्या वहीचे पैसे हातात येतील तेव्हा त्यातून काढा, कितीही थोडे असोत, आणि आनंदाने द्या. ओहोळ आटल्यावर एलीया सारफथला गेला तेव्हा तिथल्या एका विधवेने मडक्यातल्या शेवटच्या मूठभर पिठाची भाकर आधी त्याला दिली. कोणी तिचा दाखला देऊन म्हणालं की बघा, तिने आधी संदेष्ट्याला दिलं, तर पुढचं वचनही वाचायला सांगा. एलीया तिथेच राहिला आणि त्या मायलेकरांबरोबर त्याच मडक्यातून पुष्कळ दिवस जेवला. घेऊन निघून गेला नाही. जो तुमच्या मडक्यातून जेवायला तयार नाही त्याला त्या विधवेचं नाव घेऊन मागण्याचा हक्क नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

राहता राहिला तुम्ही उघड न विचारलेला प्रश्न. सोमवारी नाही म्हटलं तर देव कधी देईल? मला माहीत नाही, आणि तारीख सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. राजाच्या सोन्याच्या मूर्तीला नमले नाहीत म्हणून ज्यांना आगीच्या भट्टीत टाकणार होते ते शद्रख, मेशख आणि अबेदनगो म्हणाले, आमचा देव आम्हाला सोडवायला समर्थ आहे, पण त्याने नाही सोडवलं तरी आम्ही मूर्तीला नमणार नाही. त्यांनी ते ‘नाही सोडवलं तरी’ मोठ्याने, राजाच्या तोंडावर म्हटलं. तुम्हीही म्हणू शकता. रागावूनसुद्धा प्रार्थना करता येते. 13व्या स्तोत्राच्या पहिल्या दोन वचनांत चार वेळा ‘कोठवर’ विचारलंय, आणि ते स्तोत्र कोणी पवित्र शास्त्रातून काढून टाकलं नाही.

लहानपणापासून पाठ असलेली एक ओळ या आठवड्यात हळू म्हणून बघा, ‘आमची रोजची भाकर आज आम्हांस दे.’ रोजची आणि आज, दोन्ही शब्द एकाच ओळीत. रानात इस्राएल लोकांसाठी मान्ना, म्हणजे देवाने आकाशातून दिलेलं अन्न, पडत होता तेव्हा माणशी एक ओमर (एक माप) गोळा करायचा, सकाळसाठी ठेवायचा नाही. ज्यांनी ठेवला त्यात किडे पडले. 40 वर्षं कोठार न भरता एक अख्खं राष्ट्र जगलं. तुम्ही नऊ महिने जगलात. मेहुण्याचे पैसे तुमच्या वहीत कर्जाच्या रकान्यात आहेत आणि ते तिथेच असू द्या, पण ते ज्या दिवशी आले तो दिवसही कुठेतरी लिहून ठेवा. असे आणखी दिवस सापडतील. आधी तुमच्या बायकोला विचारा, त्यांच्या जास्त लक्षात असतील.

सोमवारी फोन आला की उत्तर थोडक्यात द्या. कारणं सांगत बसलात तर तो प्रत्येक कारणावर तोडगा काढेल. ‘हे काम मी करणार नाही, आठवण ठेवलीत त्याबद्दल आभारी आहे,’ एवढं पुरे. फोन ठेवताना बायको शेजारी असू द्या. मग दोघं जमिनीवर बसा, घरात जी काही पाकिटं न उघडता राहिली असतील ती मध्ये ओता, आणि पहिलं कोणी कापायचं ते त्यांना ठरवू द्या.

तुमची,
ताई